कांसेचे तुरे आणि हवेलीचं पाणी

जबलपूरला पोस्टिंग आली की पहिल्या सुट्टीत माणूस भेडाघाटला जातो. धुआंधारचा धबधबा, संगमरवरी खडक, नावेत बसून काढलेला फोटो. तो फोटो घरी जातो आणि घरचे म्हणतात, चांगल्या जागी बदली झाली. १८७० च्या मार्चमध्ये मुंबईकडून आलेली रेल्वे आणि कलकत्त्याकडून आलेली रेल्वे याच जबलपुरात एकमेकींना जोडल्या गेल्या. तेव्हापासून दोन्ही बाजूंचे प्रवासी इथे उतरून तेच खडक बघत आणि त्यांचे फोटो काढत आले आहेत. मीही काढले. पण या शहराच्या दुसऱ्या अंगाला एक मुलूख आहे. तिकडे कॅमेरा घेऊन कोणी मुद्दाम जात नाही, आणि शरद ऋतूत, म्हणजे भादव्याच्या शेवटापासून कोजागिरीपर्यंत, त्याच्याइतका देखणा मुलूख मी कुठल्याच पोस्टिंगमध्ये पाहिलेला नाही. आजचा लेख त्या मुलखाचा.

आम्ही सध्या कांचघरला राहतो. नाव काचेचं असलं तरी वस्ती साधी आहे. सायकलींवर कारखान्याला जाणारी माणसं, सकाळी पोहे-जिलेबी, संध्याकाळी चौकात गर्दी. इथून कुठल्याही दिशेला निघालं तरी लष्कराचं काहीतरी आडवं येतंच. १९०४ पासूनची गन कॅरेज फॅक्टरी आहे, खमरियाचा दारूगोळा कारखाना आहे, वाहनांचा कारखाना आहे, वेगवेगळी ट्रेनिंग सेंटरं आहेत. त्यामुळे फौजी माणसाने या शहरात फोटोग्राफीचा शौक करायचा तर पहिला नियम असा की वस्ती संपेपर्यंत लेन्सचं झाकण काढायचं नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पहाटे पाचला मी आणि गोंदियाकडचा माझा एक सहकारी मोटारसायकलवर निघालो, तेव्हा कॅमेरा बॅगेतच होता.

घमापूर, अधारताल, दमोह नाका आणि मग पाटणचा रस्ता. या वाटेवरची नावं ऐकत गेलं तरी अर्धा इतिहास कळतो. अधारताल, राणीताल, चेरीताल, हाथीताल, माढोताल. शहरात बावन्न तलाव होते असं इथले जुने लोक अभिमानाने सांगतात. राणीताल राणी दुर्गावतीने बांधला, चेरीताल तिच्या दासीने आणि अधारताल तिचा मंत्री अधारसिंह याने, अशी परंपरा आहे. बरेच ताल बुजले, त्यांवर वसाहती झाल्या आणि नावं तेवढी उरली. पण गढा-मंडल्याच्या गोंड राजवटीला पाणी अडवायची विद्या चांगली ठाऊक होती, हे त्या नावांवरून कळतं. माझा सहकारी म्हणाला, "भाऊ, आमच्याकडे मालगुजारी तलाव अन् बोड्या आहेत, ते याच जातीचं काम." खरं आहे. भंडारा-गोंदियाच्या तलावांचा आणि इथल्या तालांचा मुलूख गोंडवनाच्या एकाच पट्ट्यात येतो.

दमोह नाका मागे पडला आणि पंधरा-वीस मिनिटांत उजाडलं. पाटणकडचा सगळा सपाट प्रदेश आरशासारखा चमकत होता. दोन्ही बाजूंना मोठमोठी चौकोनी शेतं, प्रत्येकाला कमरेएवढा मातीचा बांध, आणि बांधाच्या आत पाणी. भात नाही, पीक नाही, नुसतं पाणी. त्यात गुलाबी आभाळ उतरलेलं. बगळे आणि शराट्या बांधावर रांगेने उभ्या. मी गाडी थांबवायला सांगितली.

या भागाला 'हवेली' म्हणतात. हवेली म्हटलं की वाडा डोळ्यांसमोर येतो, पण पुण्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. तिथे हवेली तालुका आहेच. मुख्य ठाण्याभोवतीचा, सरकारच्या थेट नजरेखालचा सुपीक मुलूख म्हणजे हवेली, हा जुना महसुली शब्द. जबलपूरच्या हवेलीत जमीन काळी, खोल आणि चिकण. पाऊस वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. अशा जमिनीत पावसाळ्यात औत घालताच येत नाही. बैल रुततो, ट्रॅक्टरही रुततो. म्हणून इथल्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या उलटाच विचार केला. पावसाळ्यात पेरायचंच नाही. शेताला चारी बाजूंनी उंच बांध घालायचे आणि पडेल तो पाऊस शेतातच साठवायचा. तीन महिने शेत म्हणजे तळं. आश्विन लागला की बांध फोडून पाणी सोडून द्यायचं, जमीन वाफशावर आली की हरभरा, गहू, मसूर किंवा गहू-हरभऱ्याचं मिश्रण पेरायचं. त्या मिश्रणाला इथे बिर्रा म्हणतात. तीन महिने पाणी प्यालेली काळी जमीन पुढे पीक हाती येईपर्यंत ओल धरते. विहीर नको, पाट नको.

मी साताऱ्याच्या माण तालुक्यातला. आमच्याकडे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही आला तर. आमच्या गावात कुणी भरल्या शेताचा बांध आपल्या हाताने फोडताना दिसला तर लोक त्याला वेड्यात काढतील. इथे मात्र एक म्हातारे गृहस्थ गुडघाभर पाण्यात उभे राहून कुदळीने बांधाला तोंड पाडत होते आणि पाणी खळखळत खालच्या शेतात उतरत होतं. मला ते बघवेना. मी कॅमेरा बाजूला ठेवून आधी तेच विचारलं.

"कक्का, इतकं पाणी सोडून देताय?" इथे वडीलधाऱ्या माणसाला कक्का म्हणतात.

ते हसले. म्हणाले, "फौजी भैया, पाणी जमिनीच्या पोटात गेलंय. हे वरचं राहिलेलं. हे नाही काढलं तर पेरणार कधी?"

मग त्यांनी हाताने दाखवलं. वरून तिसरं शेत त्यांच्या चुलतभावाचं, त्याचं पाणी चार दिवसांपूर्वी यांच्या शेतात आलं. आता यांचं पाणी खालच्या शेतात, तिथून नाल्यात, नाल्यातून हिरन नदीत, हिरन नर्मदेत. वरच्याने आपल्या मर्जीने बांध फोडला तर खालच्याचं नुकसान. खालच्याने आडमुठेपणा केला तर वरच्याची पेरणी हुकली. म्हणून पाणी सोडायचा क्रम गावाने बसून ठरवायचा. आपल्याकडे बांध हा शब्द उच्चारला की कोर्टकचेरी आठवते. इथे बांध म्हणजे एकमेकांशी केलेला करार आहे. एकट्याने हवेलीची शेती होत नाही.

कक्कांशी बोलून मी मागे वळलो तर सूर्य बराच वर आला होता आणि रस्त्यापलीकडच्या पडीक तुकड्यावर कांस फुललेली होती. पुरुषभर उंच गवत, वर पांढरेशुभ्र रेशमी तुरे, मागून कोवळं ऊन. वारा आला की सगळं रान चांदीसारखं हलायचं. मी कॅमेरा घेऊन खाली बसलो, तुऱ्यांमागे सूर्य आणला आणि वीस-पंचवीस फोटो काढले. फोटो काढणाऱ्यांसाठी सांगतो, कांस समोरून काढली तर नुसतं गवत दिसतं. प्रकाश तिच्या मागे ठेवायचा, म्हणजे प्रत्येक तुऱ्याला कडा येते.

कक्का कुदळ खांद्यावर टाकून बघत उभे होते. म्हणाले, "याचा कशाला फोटो काढता? हा तर जमिनीचा रोग."

ते वाक्य दिवसभर माझ्या डोक्यातून गेलं नाही, कारण या मुलखाचा चारशे-पाचशे वर्षांचा इतिहास त्यात आहे.

आपल्याकडे काळ्या रानात कुंदा आणि हरळी माजते, तशी मध्य भारतात कांस. मुळं इतकी खोल की साध्या नांगराने निघत नाहीत. तुकडा राहिला तरी पुन्हा फुटतो. नर्मदेच्या खोऱ्यात आणि बुंदेलखंडात कांस घुसली की शेत हातचं गेलं. शेतकरी ते शेत वर्षानुवर्षं पडीक टाकून द्यायचा. कांस घुसते कधी? शेत कसायचं थांबलं की. बैल मेले, माणसं पळून गेली, दुष्काळ पडला, फौजा आल्या की दोन-तीन वर्षांत कांस. जिथे शरदात पांढरं रान दिसतं तिथे कधीतरी माणसाचा हात सुटलेला आहे. आणि कांसेला मारायचा जुना, खात्रीचा उपाय म्हणजे शेतात पाणी कोंडून ठेवणं. म्हणजे हवेलीचा बांध ओल साठवतो आणि तणही बुडवून मारतो. पाणी सोडल्यावर इथे फारशी नांगरट न करताच पेरता येतं, ते त्यामुळेच.

आता या मुलखात हात सुटायची कारणं किती झाली ते बघा. पाटणच्या रस्त्याने आणखी पुढे गेलं की कटंगी लागते, आणि तिथून दमोहकडे सिंगौरगढचा किल्ला. राणी दुर्गावतीचा तो गड. १५६४ साली अकबराचा सरदार आसफखान या बाजूने आला. राणी लढत लढत मागे सरकली आणि २४ जूनला बरेल्याजवळ नरई नाल्यापाशी पडली. मागचा नाला पावसाने भरला आणि परतीची वाट बंद झाली, असं इथले लोक सांगतात. तारीख लक्षात घ्या. हवेलीत बांध भरायला सुरुवात होते तेच हे दिवस.

पुढे आपली माणसं आली. हे लिहिताना हात जरा जड होतो, पण लिहिलं पाहिजे. १७४२ मध्ये पेशव्यांची फौज मंडल्यावर आली आणि या राज्यावर चौथाई बसली. १७८१ मध्ये सागरच्या मराठा सुभेदारांनी गढा-मंडल्याचं राज्यच ताब्यात घेतलं. १७९८ मध्ये पेशव्यांनी नर्मदेचं हे खोरं नागपूरकर भोसल्यांना दिलं. १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर घेतलं आणि पुढे हा भाग 'सागर आणि नर्मदा टेरिटरी' म्हणून कंपनीच्या कागदांत गेला. मधल्या काळात पेंढाऱ्यांच्या धाडी होत्याच. पंच्याहत्तर वर्षांत चार मालक.

आपण दसऱ्याला सीमोल्लंघन म्हणतो, सोनं वाटतो, युनिटमध्ये शस्त्रपूजा करतो. दसऱ्याला मोहिमेला निघायचं कारण साधं होतं. पाऊस संपतो, नद्या उतरतात, वाटा वाळतात, घोड्याला चारा असतो. पण तोच पंधरवडा इथल्या शेतकऱ्याचा बांध फोडून पेरायचा. ज्या वाळत्या जमिनीवर तिफण चालायला हवी, त्याच जमिनीवरून घोडी आणि बैलगाड्या जाणार. एका वर्षी पेरणी हुकली तर माणूस तग धरतो. दोन-तीन वर्षं हुकली की बांध खचतात, आणि बांध खचला की कांस. शाळेच्या पुस्तकात आपण मोहिमेचा नकाशा बघतो. बाण कुठून कुठे गेला ते त्यात असतं. त्या बाणाखाली कुणाचं शेत होतं ते नसतं. गणवेश घातलेल्या माणसाने ते अधूनमधून आठवावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

लढाया थांबल्यावरही हात सुटायचा थांबला नाही. १८९३ पासून ओळीने वाईट वर्षं आली. आधी गव्हावर अवकाळी पाऊस आणि तांबेरा, मग पाऊसच नाही, आणि १८९६-९७ चा मोठा दुष्काळ. १८९१ च्या शिरगणतीत जबलपूर जिल्ह्यात सुमारे साडेसात लाख माणसं होती. १९०१ मध्ये ती ६,८०,५८५ भरली. गावं रिकामी झाली तशी शेतं कांसेखाली गेली.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात धान्याची टंचाई होती आणि मध्य भारतात लाखो एकर काळी जमीन कांसेखाली पडून होती. सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन काढलं. पहिले ट्रॅक्टर कुठले? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने भारतात आणलेले आणि इथेच सोडून गेलेले. लष्कराची यंत्रं कांस उपटायला लागली. पुढे १९४९ च्या सप्टेंबरमध्ये जागतिक बँकेने भारताला एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं. भारताला मिळालेलं ते बँकेचं दुसरंच कर्ज. पहिलं रेल्वेसाठी होतं आणि हे कांसेच्या जमिनी मोकळ्या करणाऱ्या ट्रॅक्टरांसाठी. मी ज्या गवताचे वीस-पंचवीस फोटो काढले, ते उपटायला देशाने डॉलरमध्ये कर्ज काढलं होतं.

मग आज कांस हरली आणि हवेली जिंकली असं म्हणावं का? पाटणच्या बाजारात चहा पिताना आम्ही हाच विषय काढला. समोर शिंगाड्यांचे ढीग लागले होते, हिरवे आणि तांबूस. तलावातून ताजे काढलेले शिंगाडे हा इथला या दिवसांतला मेवा. शेजारी बसलेले दोघे-तिघे शेतकरी बोलण्यात आले, तेव्हा चित्र वेगळंच निघालं.

अधारतालला जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे, १९६४ चं. साठच्या दशकात तिथे अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या साथीने सोयाबीनवर काम सुरू झालं. जिथे पावसाळ्यात जमीन रिकामी राहते तिथे हे पीक घ्यावं, ही कल्पना. पावसाळ्यात रिकामी जमीन म्हणजेच हवेली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मध्य प्रदेश सोयाबीनचा प्रदेश झाला. मग भात वाढला, कूपनलिका आल्या, १९९० च्या सुमारास बर्गी धरण झालं, कालवे आले. आता जबलपूरचा हिरवा मटार देशभर जातो. तो जितका लवकर बाजारात येईल तितका भाव, म्हणून पेरणीही लवकर. ज्याच्याकडे पाणी आणि पैसा आहे तो एका वर्षात दोन-तीन पिकं घेतो. तो तीन महिने शेताचं तळं करून का बसेल? त्याचं काही चुकत नाही. त्यालाही मुलं शिकवायची आहेत.

पण कक्का सकाळी जे म्हणाले होते त्याचा अर्थ मला तिथे लागला. हवेली एकट्याची नसते. रांगेतल्या एकाने भात किंवा सोयाबीन लावलं की वरच्याचं पाणी जाणार कुठून? उभ्या पिकातून सोडता येत नाही. मग वरचाही बांध सपाट करतो. एक कडी निघाली की साखळी सुटते. कक्कांच्या रांगेत पूर्वी अकरा शेतं भरायची. आता चार भरतात. आणि अडवलेलं पाणी जमिनीत मुरायचं थांबलं की कूपनलिका खोल जातात, हे माणच्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. आमच्याकडे आता श्रमदानाने समतल चर खणतात, बांधबंदिस्ती करतात, शिवारात पाणी अडवतात. जे आम्ही दुष्काळाने शिकलो ते इथे सुबत्तेत मोडलं जातंय.

दुपारनंतर आम्ही हिरनच्या काठाने थोडं फिरलो. ऑक्टोबरचं ऊन चढलं की फोटोला काही रंग राहत नाही. चारनंतर पुन्हा त्याच शेतांकडे आलो. कक्कांच्या शेतातलं पाणी हातभर उतरलं होतं आणि बांधावर सकाळच्या पाण्याची ओली रेघ दिसत होती. मधला उंचवटा उघडा पडून काळी माती चमकत होती. बगळे आता बांधावरून उतरून चिखलात फिरत होते. सूर्य खाली आला, उरलेल्या पाण्यात लाल रंग पसरला. मी कॅमेरा बांधाच्या मातीवर टेकवून एकच फोटो काढला. पुढे बांधाला पाडलेलं तोंड, त्यातून जाणारं पाणी, मागे तीन शेतं आणि टोकाला पांढरी कांस.

घरी येऊन दिवसभराचे फोटो बघितले. कांसेचे फोटो सगळ्यांना आवडले. गावाकडे पाठवले तर बहिणीने लगेच विचारलं, हे काश्मीर का? बांधाच्या फोटोकडे कुणी दोनदा बघितलं नाही. त्यात बघण्यासारखं काही नाहीच, चिखल आणि पाणी. पण संगमरवरी खडकांचे दीडशे वर्षांचे फोटो कुठेही मिळतील. ते खडक पुढेही तिथेच असतील. हवेलीच्या बांधाचा जुना फोटो मात्र माझ्या पाहण्यात एकही नाही, आणि ज्या वेगाने बांध सपाट होत आहेत त्याने नवीनही फार निघणार नाहीत.

म्हणून जबलपूरला असलेल्या आणि येणाऱ्या भावांना सांगणं आहे. कोजागिरीला भेडाघाटला जरूर जा, चांदण्यात खडक बघण्यासारखे असतात. पण त्याआधी, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून दसऱ्यापर्यंत एक रविवार काढा आणि पहाटे पाटण, पनागर किंवा सिहोऱ्याच्या बाजूला जा. शेताच्या मालकाला रामराम करा, विचारून फोटो काढा. फोटोवर गावाचं नाव, तारीख आणि किती शेतं भरलेली होती तो आकडा लिहून ठेवा. मी या वर्षीच्या फोटोवर लिहिलं आहे : चार.